हर्ब्जमध्ये मुरवलेलं पोर्क, जाळीवर: प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

हेतू आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे फाटे फुटणार नाहीत. आठवड्यातून एकदा पाच जणांना पुरेल असं कोळशाच्या जाळीवर भाजलेलं पोर्क हवं आहे. कमी चरबीचं, रसाळ, बाबांच्या रक्तदाबाला आणि कवळीला झेपेल असं, आणि धाकटीने पुन्हा मागून घ्यावं असं. कृती शेवटी एका कागदावर बसली पाहिजे. घरातल्या कुणीही तो कागद समोर ठेवून जेवण करता यायला हवं.

मॅरिनेडच्या, म्हणजे मांस मुरवायच्या मिश्रणाच्या, कृती वाचत बसलो की सगळा भर यादीवर दिसतो. अमुक पाला, तमुक सॉस, रात्रभर मुरवा, झालं. माझा अंदाज वेगळा आहे. मांस चांगलं होतं ते मीठ, आच आणि आतलं तापमान या तिघांमुळे. हर्ब्जचं काम सुगंधाचं, आणि तेही वरच्या थरापुरतं. ते काम फार मोलाचं आहे, पण बाकीच्या तिघांची जागा ते घेऊ शकत नाही. हा अंदाज खरा की खोटा, ते एकेक गोष्ट वेगळी काढून बघायचं.

भाग ठरला: टेंडरलॉइन. पाठीच्या कण्याला आतून लागून असलेला हा लांबट स्नायू. जनावर तो फारसा वापरत नाही, म्हणून मऊ. शिजवलेल्या १०० ग्रॅममध्ये साधारण २६ ग्रॅम प्रथिनं, साडेतीन ग्रॅम चरबी आणि १४३ किलोकॅलरी. शिवाय थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, यात भरपूर: १०० ग्रॅममध्ये ०.९ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज १.१ ते १.२ मिलिग्रॅम. मांसांमध्ये थायमिनच्या बाबतीत पोर्कचा हात धरणारं क्वचितच काही सापडेल.

अडचणही त्याच गुणात आहे. चरबी कमी, त्यामुळे जास्त शिजलं तर सावरून घ्यायला आत काही नाही. पाच-सात अंश वर गेलं की चोथा. म्हणून पहिलं साधन थर्मामीटर, हर्ब्ज नंतर.

७ ऑक्टोबर

थर्मामीटर तपासला. ग्लासात ठेचलेला बर्फ गच्च भरला, फटी भरतील इतकंच पाणी ओतलं, ढवळलं आणि टोक मधोमध धरलं. शून्य दाखवलं. उकळत्या पाण्याची परीक्षा मी घेत नाही, कारण उंचीप्रमाणे उत्कलनबिंदू बदलतो. बर्फ कुठेही शून्यच.

टोक नेहमी सर्वांत जाड भागाच्या मध्यावर, बाजूने आडवं घालायचं. वरून सरळ खुपसलं तर ते सहज मधला भाग ओलांडून पलीकडच्या गरम बाजूला पोचतं आणि आकडा जास्त येतो.

१० ऑक्टोबर

किती शिजवायचं, यावर आज घरात बराच वेळ बोलणं झालं. बाबांचा आग्रह जुना आहे: पोर्क आतून पूर्ण करडं झालं पाहिजे. "गुलाबी दिसतंय रे, अजून ठेव," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामागे कारण आहे. फीतकृमीची आणि ट्रिकिनेलाची (मांसातून माणसात येणारा बारीक परजीवी जंत) भीती खरी होती, आणि जिथे डुकरं मोकाट चरतात, मांसाची तपासणी होत नाही, तिथे ती आजही खरी आहे.

मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुमची भीती बरोबर आहे, पण रंगावर विसंबू नका. रंग फसवतो." पोर्कचा गुलाबी रंग मायोग्लोबिनचा, म्हणजे स्नायूंतल्या रंगीत प्रथिनाचा. मांसाचा सामू (पीएच) जास्त असला किंवा धूर लागला तर पूर्ण शिजूनही गुलाबीपणा राहतो. उलट, काही मांस सुरक्षित तापमानाला पोचण्याआधीच करडं दिसू लागतं. ट्रिकिनेला ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास मरतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने मे २०११मध्ये पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठी आपली मर्यादा ७१ अंशांवरून ६३वर आणली, आणि त्यासोबत आचेवरून काढल्यावर किमान तीन मिनिटं विश्रांतीची अट घातली. ती तीन मिनिटं शोभेची नाहीत. त्या वेळात आतलं तापमान टिकतं किंवा थोडं वाढतं, आणि जंतू मरण्याचं काम चालूच असतं.

खिम्याला हे लागू नाही. खिमा करताना बाहेरचे जंतू आत मिसळतात, त्यामुळे तिथे ७१च. रानडुकराच्या मांसालाही ७१च. पाळीव डुकराच्या मांसातला ट्रिकिनेला उणे १५ अंशांवर २० दिवस गोठवल्यास मरतो (तुकडा १५ सेंटिमीटरपेक्षा जाड नसेल तर), पण रानटी प्राण्यांतल्या काही जाती थंडीला दाद देत नाहीत.

ठराव: तपासणी झालेलं मांसच घ्यायचं, ६३ अंशांना काढायचं, मग विश्रांती. बाबा म्हणाले, "आकडा मला दाखवायचा." मान्य.

११ ऑक्टोबर

मीठ. आज फक्त मीठ, दुसरं काहीही नाही. पुढच्या सगळ्या तुलना या चवीशी करायच्या आहेत.

आधी चंदेरी पापुद्रा काढला. टेंडरलॉइनच्या जाड टोकाकडून मध्यापर्यंत मोत्यासारखी चमकणारी एक घट्ट पट्टी असते. ती शिजून विरघळत नाही. उलट आकसते आणि अख्खा तुकडा वाकडा करते. सुरीचं टोक पापुद्र्याखाली घालून दोन बोटं रुंद भाग सोडवायचा, तो डाव्या हाताने ताणून धरायचा, आणि पातं किंचित वर, पापुद्र्याच्या दिशेला झुकवून पुढे सरकवायचं. पातं खाली झुकलं की चांगलं मांस जातं. टोकदार, लवचीक सुरी असेल तर एका दमात निघतो.

मांस धुतलं नाही. धुतल्याने जंतू जात नाहीत, ओट्यावर आणि आजूबाजूच्या भांड्यांवर मात्र उडतात. कागदी रुमालाने कोरडं टिपलं, बस.

मिठाचं प्रमाण वजनाच्या एक टक्का: ७०० ग्रॅमला ७ ग्रॅम. पाच जणांत वाटलं तर माणशी १.४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे बाबांच्या दिवसभराच्या हिशोबात हे बसतं, फक्त त्या जेवणातल्या बाकीच्या पदार्थांत हात आखडता हवा. चमच्याने मोजायचं नाही. बारीक आणि जाड मिठाचा एक चमचा वजनात बराच वेगळा भरतो. वजनकाटाच हवा.

मीठ चोळून तुकडा उघडाच, जाळीदार स्टँडवर, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवला. अर्ध्या तासाने बघितलं तर पृष्ठभागावर पाण्याचे थेंब उभे, खाली ताटलीत थोडं पाणी. इथे घाबरून पुसून टाकायचा मोह होतो. तीन-चार तासांनी तेच थेंब आत परत गेलेले, आणि पृष्ठभाग गडद, किंचित चिकट, बोट लावलं तर ओढ जाणवेल असा. मीठ पाण्यात विरघळून आत जातं, प्रथिनांची बांधणी सैल करतं, आणि शिजताना ती प्रथिनं पाणी जास्त धरून ठेवतात. वरचं ओलसरपण गेल्याचा दुसरा फायदा असा की जाळीवर ठेवल्याबरोबर रंग चढतो. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या पुढे सरकत नाही, आणि खमंगपणा येतो तो साधारण १४०च्या वर. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिल मायार यांनी १९१२मध्ये मांडलेली हीच ती अभिक्रिया.

रात्रभर मुरलेला तुकडा भाजला, ६३ला काढला. निव्वळ मीठ असूनही रसाळ. रसाळपणासाठी मॅरिनेड लागत नाही, हा अंदाज पहिल्याच फेरीत पक्का होत चाललाय.

१८ ऑक्टोबर

आज आम्लाची परीक्षा. एकाच तुकड्याचे दोन भाग. एक भाग लिंबाचा रस, तेल, लसूण, थाइम यांत रात्रभर. दुसऱ्यात रसाच्या जागी लिंबाची किसलेली साल, बाकी तेच.

रसातला भाग सकाळीच ओळखू येत होता. कडा पांढुरक्या, शिजल्यासारख्या. भाजल्यावर वरचा तीन-चार मिलिमीटरचा थर पिठूळ झाला होता, आत मात्र नेहमीसारखाच. आम्ल प्रथिनांना आवळून पाणी बाहेर ढकलतं, आणि तेही फक्त पृष्ठभागावर, कारण आत शिरायला त्याला फार वेळ लागतो. "आम्लाने मांस मऊ होतं" हे आपण सर्रास म्हणतो. टेंडरलॉइनच्या बाबतीत ते निरुपयोगी आहे, तो मुळात मऊच असतो.

सालीचा भाग सरस ठरला. लिंबाचा सगळा सुवास सालीच्या तेलात असतो, आणि ते तेल मॅरिनेडच्या तेलात सहज मिसळतं. रस लागेलच, पण भाजून झाल्यावर.

१९ ऑक्टोबर

क्रमाबद्दल छोटी नोंद. मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून मीठ, तेल, हर्ब्ज सगळं एकत्र कालवून चोपडलं तर मिठाचे कण तेलात गुंडाळले जातात आणि आत जायला वेळ घेतात. आधी कोरडं मीठ, ते मुरल्यावर तेल-हर्ब्जचा लेप. हा क्रम आता बदलणार नाही.

लसूण आणि तेल एकत्र असलेला लेप बाहेर ठेवून द्यायचा नाही. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि अशा जागी बोट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू वाढू शकतात. त्या दिवशीचा लेप त्या दिवशी, आणि मुरवणं फ्रिजमध्येच, ४ अंशांच्या खाली.

२५ ऑक्टोबर

आज विस्तव, आणि ज्याला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो हाच विषय आहे.

कोळसा पत्र्याच्या चिमणीत (कोळसा पेटवायच्या उभ्या नळकांड्यात) भरून खालून कागद पेटवला. पेटवण्यासाठी कसलंही रसायन ओतलं नाही, त्याचा वास मांसात उतरतो. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांवर राखाडी थर धरला. मग सगळे निखारे जाळीखाली एका अर्ध्या भागात ओतले, दुसरा अर्धा मोकळा ठेवला. एका बाजूला कडक आच, दुसऱ्या बाजूला झाकणाखालची सौम्य धग. पोर्कसारख्या, पाच-सात अंशांत बिघडणाऱ्या मांसाला ही दुभागलेली आच नसेल तर बाकी सगळी मेहनत वाया जाते, असं माझं ठाम मत झालंय.

आच ओळखायला तळहात जाळीच्या वर वीतभर धरायचा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर कडक, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम.

तुकडा आधी कडक बाजूला, दर मिनिटाला एक वळण, सगळ्या बाजूंना रंग येईपर्यंत. सहा ते आठ मिनिटं. मग मोकळ्या बाजूला सरकवला, झाकण बंद, दहा मिनिटांनी पहिलं मोजमाप. चौदाव्या मिनिटाला ६३. बाबांना बोलावून आकडा दाखवला. लाकडी पाटावर आठ मिनिटं ठेवला तर आतलं तापमान वाढून ६६वर गेलं. बाहेरच्या थरातली उष्णता आत सरकत राहते, ती ही.

सारखं उलटत राहण्याचं कारण नुसतं एकसारखं शिजणं नाही. आरोग्याचं जेवण म्हणतोय तर ही गोष्ट टाळता येणार नाही. कडक आचेवर मांसातल्या क्रिएटिन आणि अमिनो आम्लांपासून हेटेरोसायक्लिक अमाइन तयार होतात. चरबी निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो, त्यातून पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन मांसावर बसतात. दोन्ही गट कर्करोगाच्या दृष्टीने संशयित. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात (कर्करोग होतो हे सिद्ध) आणि लाल मांस २-अ गटात (बहुधा होतो) घातलं, आणि त्या वर्गवारीत पोर्क लाल मांसातच मोडतं. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडचा सल्ला आठवड्याला शिजवलेलं लाल मांस ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवण्याचा आहे.

यावरून घरासाठी ठरवलं ते असं. माणशी १०० ग्रॅम शिजवलेलं, आठवड्यातून एकदाच. चरबी कमी असलेला भाग, म्हणजे धूर कमी. तेल निथळवून मगच जाळीवर. ज्वाळा उठली की तुकडा लगेच मोकळ्या बाजूला. आणि काळा पडलेला भाग कुणाच्याही ताटात जाणार नाही, तो कापून टाकायचा. रंग तांबूस-तपकिरी हवा. काळा म्हणजे खमंग नव्हे.

१ नोव्हेंबर

आता हर्ब्ज. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते.

रोझमेरी, थाइम, सेज, ओरेगॅनो ही काटक मंडळी. पानं जाड, सुगंधी तेल चिवट, आचेला टिकणारं. पार्सली, पुदिना, कोथिंबीर, बेझिल ही नाजूक. आज दोन्ही गटांचे वेगवेगळे लेप करून एकाच मांसाच्या दोन भागांवर तीन तास लावले.

नाजूक पाल्याचा लेप जाळीवर दोन मिनिटांत काळवंडला. चवीला गवताचा वास उरला, पुदिन्याचा मागमूस नाही. काटक गटाने मात्र कमाल केली. थाइम आणि ओरेगॅनोतले थायमॉल, कार्व्हॅक्रॉल हे सुगंधी घटक तेलात उतरतात आणि मांसाच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. कापलेल्या प्रत्येक कापाच्या कडेला तो वास होता. मधल्या भागात नव्हता. मी मुद्दाम कडा काढून फक्त मधला भाग धाकटीला डोळे मिटून चाखायला दिला. "हे कालचं मिठाचंच आहे ना, बाबा?" तिने विचारलं. तीन तासांत हर्ब्ज काही मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत, याचा मला यापेक्षा चांगला पुरावा नको. रात्रभर ठेवूनही फार फरक पडत नाही, कारण सुगंधाचे हे रेणू तेलात रमतात आणि मांसात पाऊण हिस्सा पाणी असतं.

मग उपाय? पृष्ठभाग वाढवायचा. भाजल्यावर धाग्याला आडवे, अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप केले की प्रत्येक घासात कड येते. आणि नाजूक पाला वाया घालवायचा नाही, तो शेवटी वापरायचा. कापायच्या पाटावरच बारीक चिरलेली पार्सली आणि पुदिना, एक चमचा तेल, लिंबाचा रस, मिरपूड पसरायची आणि त्यावर मांस कापायचं. कापताना सुटणारा रस त्यात मिसळतो, काप त्यात एकदा घोळायचे. हिरवा, ताजा, आंबट वास आणि खाली रोझमेरीचा धुरकट वास, असे दोन थर एकाच घासात. मला या प्रकल्पात मिळालेली सर्वांत आवडती गोष्ट ही आहे.

थोरल्याला कोथिंबीर आवडत नाही, साबणासारखी लागते म्हणतो. काहींना ती जन्मजात तशी लागते. त्याच्यावर जबरदस्ती नको, पार्सलीने काम भागतं.

४ नोव्हेंबर

रोझमेरीबद्दल वाचून काढलं. तिच्यातली कार्नोसिक आम्ल, कार्नोसॉल, रोझमॅरिनिक आम्ल ही ऑक्सिडीकरणरोधी द्रव्यं हेटेरोसायक्लिक अमाइन तयार होण्यात अडथळा आणतात. कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१०मध्ये रोझमेरीचा अर्क घातलेल्या बीफ पॅटीजमध्ये हे अमाइन घटल्याचं दाखवलं. पोर्तुगालमधल्या २०१४च्या एका अभ्यासात कोळशावर भाजलेलं पोर्क आधी काळ्या बिअरमध्ये मुरवल्यावर मोजलेले हायड्रोकार्बन जवळपास निम्म्याने, ५३ टक्क्यांनी कमी भरले. आमच्या घरी बिअरचा प्रश्न येत नाही, पण मुरवण्याने धुराचा परिणाम कमी होऊ शकतो, हे पोर्कवरच दिसलं याला माझ्या लेखी महत्त्व आहे.

म्हणजे हर्ब्जचं काम नुसतं सुगंधाचं, हे मी पहिल्या दिवशी लिहिलं ते अपुरं आहे. ज्या पृष्ठभागावर हे नको असलेले पदार्थ तयार होतात, नेमक्या त्याच पृष्ठभागावर हर्ब्ज बसलेले असतात. तरीही याला परवाना समजून कडक आचेवर सोडून द्यायचं नाही. दुभागलेली आच आणि सारखं उलटणं आधी.

८ नोव्हेंबर

लेपाचा पोत. पानं अख्खी ठेवली तर जळून कडू होतात. मिक्सरमध्ये फिरवली तर पेस्ट चिकटून बसते आणि तिचाच थर करपतो. खलबत्त्यात थोडं मीठ, लसूण, रोझमेरी भरड कुटून मग तेल, हे मधलं उत्तम. कुटताना पानांच्या पेशी फुटून तेल सुटतं, हाताला लगेच कळतं. (हे मीठ त्या ७ ग्रॅममधूनच बाजूला काढायचं.)

जाळीवर ठेवण्याआधी सुरीच्या पाठीने लेप खरवडून काढायचा. तेलकट चकाकी राहू द्यायची, तुकडे नकोत. लसणाचा एकही कण राहता कामा नये, तो सगळ्यांआधी जळतो. मध किंवा साखर घालायची झाली तर शेवटच्या दोन मिनिटांत ब्रशने, मोकळ्या बाजूला.

खरवडलेला लेप कच्च्या मांसाला लागलेला असतो. तो टाकून द्यायचा. सॉस म्हणून वापरायचाच असेल तर आधी खळखळ उकळायला हवा, पण पाटावरचा ताजा पाला असताना त्याची गरज पडत नाही.

९ नोव्हेंबर

जाळी साफ करायचा तारेचा ब्रश टाकून दिला. त्याची बारीक तार तुटून जाळीला चिकटली आणि अन्नातून घशात गेली तर शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. आता जाळी तापवून, चिमट्यात फॉइलचा बोळा धरून घासतो. तेल जाळीला लावण्यापेक्षा मांसाला लावलेलं बरं.

आणि कोळशाची शेगडी घरात किंवा बंद व्हरांड्यात कधीच नाही. निखारे विझत आलेले दिसले तरी कार्बन मोनॉक्साइड सुटतच असतो, आणि त्याला वास नसतो.

१५ नोव्हेंबर

ताटाचा विचार. मांस १०० ग्रॅम म्हटल्यावर पोट भरायचं ते भाज्यांनी आणि कडधान्यांनी. मांसात तंतू अजिबात नाहीत, ते इथून यायला हवेत.

भोपळी मिरची, झुकिनी, कांद्याचे जाड काप, मक्याची कणसं, सगळं मांसाच्या आधी कडक बाजूला भाजून घेतलं. कांदा विस्कटू नये म्हणून काडीत ओवला. लाकडी काड्या अर्धा तास पाण्यात भिजवल्या होत्या. पांढऱ्या घेवड्याचे दाणे शिजवून, त्यात पाटावरचाच पाला आणि लिंबू. उकडलेले बटाटे सालीसकट. कशातही वेगळं मीठ नाही, फक्त दाण्यांत चिमूटभर. लिंबू आणि ताजा पाला भरपूर असला की मीठ कमी असल्याचं जाणवत नाही. बाबांनी तक्रार केली नाही, आणि ते अळणी पदार्थावर गप्प बसणारे नाहीत.

कच्च्या मांसाचं ताट आणि चिमटा वेगळा, शिजलेल्याचा वेगळा. चिमट्याच्या मुठीला लाल आणि हिरवी पट्टी चिकटवली, म्हणजे घाईतही अदलाबदल होणार नाही.

बाबांचे काप दुपटीने पातळ केले, तीन मिलिमीटरचे, धाग्याला नीट आडवे. धागा जितका आखूड तितकं चावणं सोपं. कवळी असूनही त्यांनी शेवटपर्यंत खाल्लं.

२२ नोव्हेंबर

शोल्डर, म्हणजे खांद्याचा भाग, करून पाहिलं, कारण तो भाग सगळीकडे सहज मिळतो. चरबी आणि कोलॅजन (स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) जास्त. कोलॅजन वितळायला तासन्‌तास हळू आच लागते, ती आपली पद्धत नव्हे. पातळ पट्ट्या कापून काडीला लावून भाजल्या तर चव जबरदस्त, पण चरबी टपकून ज्वाळा उठत राहिल्या आणि धूर बराच झाला. आमच्या हेतूला शोल्डर बसत नाही.

लॉइनचे, म्हणजे पाठीच्या मांसाचे, जाड काप मात्र चालतील. टेंडरलॉइन मिळालं नाही तर अडीच सेंटिमीटर जाडीचे, बाजूची चरबी काढलेले. कृती तीच, मोकळ्या बाजूचा वेळ बराच कमी.

२९ नोव्हेंबर

कागद तयार झाला. आज थोरल्याने एकट्याने त्यावरून जेवण केलं, मी फक्त विस्तवापाशी उभा होतो.

कागदावर पाच जणांसाठी असं लिहिलंय. आदल्या संध्याकाळी ७०० ग्रॅम टेंडरलॉइन, पापुद्रा काढून, ७ ग्रॅम मिठातलं चिमूटभर बाजूला ठेवून बाकीचं चोळून, उघडं फ्रिजमध्ये. जेवणाआधी चार तास लेप: एक मोठा चमचा रोझमेरी, एक मोठा चमचा थाइम, चार पाकळ्या लसूण, राखलेलं मीठ, एका लिंबाची किसलेली साल, एक छोटा चमचा मिरपूड, दोन मोठे चमचे तेल. वाळलेली हर्ब्ज असतील तर प्रमाण एक तृतीयांश. तीन तास फ्रिजमध्ये. कोळसा पेटल्यावर भाज्या आधी, मग लेप खरवडून मांस: सहा ते आठ मिनिटं उलटत-पालटत कडक बाजूला, मग झाकणाखाली मोकळ्या बाजूला, ६३ अंश होईपर्यंत. आठ मिनिटं पाटावर. मग पाटावरचा पाला: मूठभर पार्सली, अर्धी मूठ पुदिना, एक चमचा तेल, अर्ध्या लिंबाचा रस. धाग्याला आडवे काप, एकदा घोळून लगेच ताटात.

शिजून मांसाचं वजन ५४० ग्रॅम भरलं. माणशी १०८, धाकटीचा वाटा थोडा कमी, थोरल्याचा थोडा जास्त. तो पळायचा सराव करतो, त्याला भूक असते.

टेंडरलॉइनचं शेपटीकडचं निमुळतं टोक जास्त शिजतं, म्हणून ते आत दुमडून दोऱ्याने बांधायचं, ही एक ओळ थोरल्याने कागदावर स्वतः वाढवली. बरोबर आहे, राहू दिली.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायचं. पुन्हा गरम केलं तर ७४ अंशांपर्यंत न्यावं लागतं आणि मांस कोरडं पडतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी थंड काप घेवड्याच्या सॅलडमध्येच घालतो. पुढच्या वेळी रोझमेरीच्या जागी सेज घेऊन बघायचं आहे, आणि हाडासकट चॉपवर हीच कृती कशी चालते ते.